नाथाजीचं जसंच्या तसं

सकाळचे नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती आणि नाथाजी गडदे त्या दिवसातली पहिली चूक करून मोकळा झाला होता.

मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर बोलणं परत शिकवायची खोली आहे. टेबलाच्या एका बाजूला समीक्षा बसली होती. ती वाचा-उपचार करते. मूळची मेढ्याची, शिक्षणासाठी मिरजेत आली आणि इथंच नोकरीला लागली. तिच्या समोर जोतीराम कोळेकर, वय सदुसष्ट. जोतीरामच्या मागं, भिंतीलगतच्या स्टुलावर, त्याचा मेहुणा नाथाजी. समीक्षानं एक चित्र वर धरलं. चित्रात तांब्या होता.

"काका, हे काय आहे?"

जोतीरामनं तांब्याकडं पाहिलं. ओठ जुळवले. कपाळावरची शीर फुगली.

"आन्..." तो म्हणाला.

"आन्," नाथाजी मागून म्हणाला.

समीक्षानं चित्र खाली ठेवलं. "मामा, तुम्ही नाही म्हणायचं."

"व्हय. चुकलं."

"काका, परत बघा. यातनं आपण पाणी पितो. तां..."

"आन्..."

"आन्," नाथाजी म्हणाला, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"मामा, ते चुकीचं बोलले आणि तुम्ही तेच परत म्हणालात, की ती चूक त्यांच्या डोक्यात पक्की होते," समीक्षा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती. "तुम्ही गप्प बसायचं. जमेल?"

"आता गप्पच," नाथाजी म्हणाला.

ते सोपं नव्हतं. जोतीरामच्या तोंडून जे निघेल ते मागून म्हणायचं, हेच काम नाथाजीनं तीसेक वर्षं केलं होतं.

जोतीराम धनगरी ओव्या गाणारा. आटपाडी तालुक्यात, माळाच्या टोकाला कोळेकर वस्ती आहे. तिथल्या बिरोबाच्या चैत्रातल्या जत्रेत पहिली ओवी त्याचीच. ओवी म्हणायला दोघं लागतात. पुढचा ओळ म्हणतो, मागचा ती धरतो आणि परत म्हणतो. या मागच्याच्या कामाला झील धरणं म्हणतात. ढोल थांबत नाही, पुढच्याला तेवढ्यात श्वास मिळतो आणि पुढची ओळ आठवायला सवड मिळते. ओव्या कुठं लिहिलेल्या नाहीत. पुढच्याच्या डोक्यात असतात आणि मागच्याच्या कानात.

दिवाळीनंतर जोतीरामला अर्धांगाचा झटका आला. उजव्या पायात बळ परतलं, हातात थोडं. शब्द परतले नाहीत. समोरच्याचं सगळं कळतं. चहात साखर कमी असली तर पेला तसाच पुढं सरकवतो. तोंडातून येतो तो एकच शब्द, 'आन्'. ओवीतली कथा सांगताना एक प्रसंग संपला की तो हाच शब्द लांबवायचा, आणि मांडवातली माणसं पुढं सरकून बसायची. आता त्या 'आन्'च्या पुढं काही येत नव्हतं.

"ह्येंचा सगळा माल गेला, आन् 'आन्' तेवढा ऱ्हायला," बनाबाई म्हणायची. बनाबाई जोतीरामची बायको, नाथाजीची थोरली बहीण. ती हे हसून म्हणायची आणि जोतीरामही हसायचा. हसणं शाबूत होतं.

जोतीराम आणि बनाबाई आता सांगलीत, विश्रामबागेत, मुलीकडं राहत होती. मुलगी सोनिया एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला. ती सकाळीच कामावर जाते, म्हणून वडिलांना मिरजेला नेण्या-आणण्यासाठी तिनं मामाला बोलावून घेतलं. नाथाजी मेंढरं आणि डाळिंबाची बाग मुलाच्या हवाली करून एका पिशवीनिशी आला. पिशवीत दोन धोतरं, एक घोंगडं आणि मधोमध बनाबाईसाठी बाजरीचं पीठ.

'जसंच्या तसं' हा शब्द विश्रामबागेतही रोज कानावर पडतो. सोनियाच्या शेजारणीला जुन्यासारखाच ब्लाउज हवा असला की ती शिंप्याला सांगते, जसंच्या तसं शीव. म्हणजे माप तेच, कापड नवं, आणि मागच्या वेळी काखेत आवळत होतं तेवढं सोडून. वस्तीवर या शब्दाला अशी सूट नाही. झील जसंच्या तसं धरायची म्हणजे शब्द तोच, हेल तोच, श्वास तुटला असेल तिथं आपलाही तोडायचा. आणि पुढचा चुकला तर चूकही तीच. देवापुढं एक तोंड एक बोललं आणि दुसरं तोंड दुसरं बोललं, हे चालत नाही. चूक दुरुस्त करायची तर पुढच्यानं. मागच्यानं नाही.

गेल्या चैत्रात हे घडलंही होतं. पहिल्या ओवीच्या दोन ओळी अशा आहेत:

उगवतीच्या अंगाला, देव चिंचंखाली बसला
आन् मेंढरांच्या कळपाला, पाणी दावून हसला

बिरोबाचं ठाणं वस्तीच्या पूर्वेला आहे, चिंचेखाली. शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गेल्या वर्षी जोतीरामच्या तोंडून निघून गेलं, 'मावळतीच्या अंगाला'. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नाथाजीनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात झील धरली, 'मावळतीच्या अंगाला'.

जेवताना जोतीराम म्हणाला होता, "नाथा, मी देवाला पार दुसऱ्या शिवारात नेऊन बसवला रं!"

"तुमी नेलात दाजी. पोचवला म्या."

"असू दे. पुढल्या जत्रंला मीच आणतो त्येला माघारी."

आणि मग दिवाळी आली.

समीक्षानं पहिल्यांदा गाण्याची गोष्ट काढली ती फाल्गुनात. बोलण्याच्या शब्दांची वाट मेंदूत डाव्या बाजूनं जाते, तिथं इजा झाली आहे. सुराची वाट बरीचशी दुसरीकडून जाते. त्यामुळं काही रुग्णांना बोलता येत नाही ते गाऊन म्हणता येतं, आणि पुढं त्या गाण्यातनं बोलणं सोडवून घेता येतं. "सगळ्यांना जमतं असं नाही," ती म्हणाली. "पण काका गाणारे आहेत. त्यांची एखादी ओवी रेकॉर्ड केलेली आहे का?"

होती. वस्तीच्या जत्रेची व्यवस्था बघणाऱ्या बाळासो कोळेकरानं गेल्या वर्षीची अख्खी ओवी मोबाईलवर घेतली होती. नाथाजीनं ती मागवून घेतली. खोलीत ढोल घुमला, पाठोपाठ जोतीरामचा आवाज. समोर बसलेल्या जोतीरामनं मान वर केली, ओठ हलवले, पहिला शब्द पकडायला तोंड उघडलं. तोवर मोबाईल दुसऱ्या ओळीवर गेला होता. परत लावलं. परत तेच. तिसऱ्या वेळी जोतीरामनं डाव्या हातानं मोबाईल पालथा घातला.

"यंत्र थांबत नाही त्यांच्यासाठी," समीक्षा म्हणाली. "माणूस पाहिजे. मामा, तुम्ही म्हणा. हळू. मी त्यांचा डावा हात धरून ठेका देते. तुमच्या मागनं ते म्हणतील."

नाथाजी उठून उभाच राहिला. "म्या पुढं?"

"हो."

"न्हाई जमायचं, बाई."

"तुम्हाला येत नाही का ओवी?"

"सगळी येती. पर पुढं न्हाई म्हणायची. पुढचा जित्ता असताना मागच्यानं पुढं म्हणायचं म्हंजी..." त्यानं जोतीरामकडं पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

जोतीराम खिडकीबाहेर बघत होता.

समीक्षानं घाई केली नाही. "विचार करा," ती म्हणाली. "पण एक सांगते. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. त्यातले बरेच गेलेत."

परतीच्या वाटेवर, बसथांब्यावर उभं असताना, बाळासोचा फोन आला.

"नाथाबापू, पाडवा झाला की जत्रा. पहिल्या ओवीचं काय करायचं?"

"बघतोय."

"बघतोय म्हणून मांडव उभा ऱ्हात न्हाई. माझ्याकडं रेकार्डिंग हाय. बिरुबापुढं सपीकरवर लावतो. आवाज दाजींचा, झील तुमची. जसंच्या तसं!"

"त्यात देव मावळतीला हाय."

"कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय, गड्या!"

"माझ्या ऱ्हायलंय," नाथाजी म्हणाला. "आन् दाजींच्या बी."

"मग दुसरी जोडी बोलवू? पल्याडच्या वाडीतली?"

"पाडव्याला सांगतो."

त्यानं फोन खिशात टाकला. जोतीराम शेजारीच उभा होता, काठीवर रेललेला. त्यानं सगळं ऐकलं होतं. डाव्या हाताची तर्जनी त्यानं उचलली, हवेत एकदा पश्चिमेकडं दाखवली आणि मग जोरात नकारार्थी हलवली. बस आली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिघं सोनियाच्या इमारतीच्या गच्चीवर बसली. वाळत घातलेल्या कपड्यांतून कृष्णेकडचा वारा येत होता. नाथाजीनं बहिणीला सगळं सांगितलं. समीक्षा काय म्हणते, बाळासो काय म्हणतो, आणि आपल्याला का जमणार नाही.

"म्हंजी तुला वाटतंय, तू पुढं म्हणलास की ह्ये मेल्यासारखं व्हतंय," बनाबाई म्हणाली. तिला अर्धवट सोडलेली वाक्यं आवडत नाहीत.

"आक्का, हळू की."

"कशाला हळू? त्येनला ऐकू येतंय. समदं कळतंय." ती लसूण सोलत होती, हात थांबला नाही. "मला सांग, ओवी ह्येंच्या डोक्यात हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग त्येनी म्हणलीया. आत. भाईर यायचं दार तेवढं लागलंय. तुला इतकी वर्सं त्येंची ओळ तोंडातनं निघायच्या आदी कळायची, असं तूच सांगत फिरतोस न्हवं? मग धर की झील. तू पुढं कुटं म्हणतोयस? तू मागनंच म्हणतोयस."

जोतीरामनं डावा हात पुढं केला आणि गच्चीच्या कट्ट्यावर बोटांनी ठेका धरला. ढोलाचाच होता, फक्त संथ. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. आणि मग जोतीराम नाथाजीकडं बघून म्हणाला, "आन्."

नाथाजीनं डोळे मिटले आणि ओळ म्हटली, जशी शेवटची ऐकली होती तशी.

"मावळतीच्या अंगाला, देव चिंचंखाली बसला..."

"आरं, उगवतीच्या!" बनाबाई म्हणाली.

"दाजींनी बदलली न्हाई अजून."

"त्येनला बोलता येत न्हाई, ते बदलतील कशी?"

"ते मला ठावं न्हाई. म्या जसंच्या तसं म्हणणार. मागनं म्हणतोय असं तूच म्हणलीस ना? मग मागच्याला बदलायची मुभा न्हाई."

बनाबाईनं लसणाची पाकळी त्याच्या अंगावर फेकली. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात आली आणि तिनं विचारलं, वर काय चाललंय. "औषध," बनाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून समीक्षाच्या खोलीतली बसायची जागा बदलली. नाथाजीचं स्टूल भिंतीपासून निघून टेबलाशी आलं, जोतीरामच्या समोर. समीक्षा जोतीरामचा डावा हात धरून टेबलावर ठेका द्यायची, नाथाजी एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. आधी नुसता घोगरा सूर निघाला. काही दिवसांनी ओळीचं टोक आलं, 'सला'. मग 'बसला'. मग 'चिंचंखाली बसला', जरासं बोबडं पण ओळखू येईल असं. त्या दिवशी समीक्षानं दार उघडून शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला ऐकायला बोलावलं. जोतीरामनं दुसऱ्यांदा म्हणायला साफ नकार दिला. बिदागी ठरल्याखेरीज तो फुकट म्हणत नसे, असा खुलासा नाथाजीनं केला.

एका गोष्टीचा मात्र समीक्षाला उलगडा होत नव्हता. ओळीच्या सुरुवातीला, दर वेळी त्याच जागी, जोतीरामचा हात ठेका चुकायचा. बाकी ठेका घड्याळासारखा. पहिल्या शब्दावर तो हात आखडून घ्यायचा, कधी टेबलावर मूठ आपटायचा. तिला वाटलं, सुरुवात अवघड जात असेल, बहुतेकांना जाते. तिनं पहिला शब्द तोडून घ्यायचं ठरवलं. "मामा, नुसतं 'मावळतीच्या' म्हणा. तेवढंच."

"मावळतीच्या," नाथाजी म्हणाला.

मूठ आपटली.

"परत."

"मावळतीच्या."

जोतीरामचा चेहरा लाल झाला. त्यानं समीक्षाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला, नाथाजीच्या गुडघ्यावर चापट मारली आणि मान नकारार्थी हलवली.

"त्रास होत असेल तर थांबू या, काका," समीक्षा म्हणाली.

"मावळतीच्या," नाथाजी तिसऱ्यांदा म्हणाला. थांब असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"उग..." जोतीराम म्हणाला.

ठेका नव्हता, सूरही नव्हता. समीक्षाचा हात टेबलावर तसाच राहिला.

"उग... उगव... उगवती!" जोतीराम म्हणाला. आणि शिवी दिली. शिवीसुद्धा स्पष्ट होती.

"उगवती," नाथाजी मागून म्हणाला. या वेळी समीक्षानं त्याला टोकलं नाही.

मग तिनं विचारलं, आणि नाथाजीनं देवाच्या शिवाराची सगळी हकीकत सांगितली. समीक्षानं हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही मुद्दाम चुकीची ओळ म्हणत होता?"

"मुद्दाम न्हाई. दाजींनी शेवटची म्हणली तशी. चुकली हाय ते ठावं होतं. पर दुरुस्त त्येंनीच करायची असती."

"मला सांगायचं तरी."

"तुमी इचारलं न्हाई, बाई. आन् गप्प बसायला तुमीच सांगितलेलं."

समीक्षा हसली. जोतीरामही हसला, आणि त्याच्या डाव्या हाताची मूठ उघडली.

समीक्षानं नंतर सोनियाला फोनवर जे सांगितलं ते मोजून-मापून होतं. झटक्यानंतर, 'आन्' सोडला तर, वडिलांनी म्हटलेला प्रत्येक शब्द आधी कुणीतरी त्यांच्या कानात घातलेला होता. हा एक शब्द कुणी दिलेला नव्हता. तो त्यांनी स्वतः काढला, तोही दुसऱ्याचा शब्द खोडून. एका शब्दावरून फार अंदाज बांधू नये. बोलणं पूर्वीसारखं होईल असं ती म्हणणार नाही. पण ही वाट खुली आहे, एवढं नक्की.

आणि लगेच तिनं त्या वाटेचा उपयोगही सुरू केला. तांब्याचं चित्र दाखवून 'हे काय' असं विचारणं तिनं कमी केलं. आता ती चित्र दाखवून खोटं सांगते. "काका, चहात आपण मीठ घालतो." जोतीरामला खोटं सहन होत नाही. तो दातओठ खातो, हात झटकतो, आणि पाचातल्या दोन वेळा 'साखर' बाहेर येते. तांब्याला तिनं घागर म्हटलं त्या दिवशी 'तांब्या' पहिल्यांदा आला. नाथाजी मागून तोच शब्द म्हणतो. हे आता त्याचं नेमून दिलेलं काम आहे: बरोबर शब्द आला की तो परत म्हणायचा, चुकीचा आला की तोंड मिटून बसायचं. दुसरा भाग त्याला अजून अवघड जातो.

पाडव्याच्या दिवशी दुपारी नाथाजीनं बाळासोला फोन लावला.

"बाळासो, दुसरी जोडी सांगू नगंस. आमी दोघं येतोय."

"दाजी म्हणतील?"

"पहिली ओवी तेवढी. दोन ओळी. ओळ म्या टाकणार, दाजी धरणार."

"उलटं झालं की हे."

"तुला उलटं दिसंल. तू मांडव घाल."

"आन् देव?" बाळासोनं विचारलं. "कुठल्या अंगाला?"

नाथाजीनं फोन जोतीरामच्या कानाला लावला. जोतीरामनं श्वास घेतला. बनाबाई हातातलं ताट धरून दारातच थांबली. फोनच्या पलीकडं बाळासो "हॅलो, हॅलो" करत राहिला.

"उगवती," जोतीराम म्हणाला. आणि जरा थांबून, "आन्..."

"आन्?" बाळासो म्हणाला.

"आन् फोन ठेव," नाथाजी म्हणाला.

जत्रा येत्या आठवड्यात आहे. दुसऱ्या ओळीतलं 'मेंढरांच्या' अजून येत नाही. 'कळपाला' येतं, 'हसला' येतं. 'मेंढरांच्या'च्या जागी नाथाजीनं मुद्दाम 'कोंबड्यांच्या' म्हणून पाहावं, असं समीक्षानं सुचवलं आहे. देवाच्या ओवीत कोंबड्या घालायला नाथाजी तयार नव्हता. खोलीतल्या खोलीत चालेल, असा निवाडा बनाबाईनं दिला आणि जोतीरामनं मान हलवली, तेव्हा तो तयार झाला.

उद्या मंगळवार. विश्रामबागच्या थांब्यावरून पावणेनऊची मिरजेची बस आहे. साडेनऊला समीक्षाच्या खोलीत त्यांची वेळ आहे, आणि पहिल्यांदा कोंबड्यांची ओळ होणार आहे.